सांडपाण्याची फेरी

"आई, टाकी भरली," अवधूत म्हणाला, आणि मालिनीबाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

मागची टाकी रिकामी करून आल्याला चौथाच दिवस होता. या खेपेला तर त्यांनी कमाल केली होती. आंघोळ अर्ध्या बादलीत. ताटं आधी कागदानं लख्ख पुसायची आणि मग ओंजळभर पाण्यात विसळायची. कढी बंद, कारण तिच्या भांड्याला पाणी फार लागतं. तांदूळ धुतलेलं पाणी बाहेरच्या काटेरी झुडपाला. झुडूप बिचारं दोन हिरवी पानं काढून बसलं होतं. तरी टाकी भरलीच. जगात न्याय म्हणून काही उरलेला नाही, असं मालिनीबाईंना वाटलं.

अवधूतचं घर म्हणजे एक पांढरा ट्रेलर, चाकांवरचं घर. चँडलर या अमेरिकन शहरापासून तासाभरावर, वाळवंटात, त्याच्या स्वतःच्या दोन एकर उजाड जमिनीवर उभा. काम लॅपटॉपवर, तेव्हा माणूस कुठेही राहिला तरी चालतं, हे त्याचं तत्त्वज्ञान. इथे नळ नव्हता आणि गटारही नव्हतं. भांड्यांचं, आंघोळीचं पाणी ट्रेलरच्या पोटातल्या टाकीत साठायचं. ती भरली की ते पाणी चाकं लावलेल्या एका निळ्या टाकीत काढायचं, फळीवरून पिकअपमध्ये चढवायचं आणि चाळीस मैलांवरच्या पेट्रोल पंपामागे, सांडपाण्यासाठी केलेल्या मोरीत ओतून यायचं. पाणी किती साठलं ते बघायचं काम अवधूतचं. काढायचं, चढवायचं, ओतायचं, तेही त्याचंच. मालिनीबाईंनी फक्त सोबत यायचं. ओतताना तर तो त्यांना खाली उतरूही द्यायचा नाही.

"वास येतो आई. तू बस."

तेच त्यांना डाचायचं. आपलं खरकटं पोरानं उपसायचं, यापरीस लाजिरवाणं काय असतं? यजमान मनोहरराव वारले आणि अवधूत त्यांना नागपूरहून इकडे घेऊन आला, त्याला चार महिने झाले होते. एकटा होता तेव्हा तो महिन्यातून एकदा ही फेरी मारायचा, हे त्यानंच एकदा बोलता बोलता सांगितलं होतं. आता दर चौथ्या दिवशी. म्हणजे त्याच्या गळ्यात पडलेलं ओझं कोण, हे कळायला इंजिनियर असायची गरज नव्हती. त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. आजची फेरी शेवटची.

गाडी डांबरी रस्त्याला लागली. ऊन अजून कोवळं होतं. दोन्ही बाजूंचे उंच निवडुंग सावकाश मागे सरकत होते. लांबचे डोंगर इतके फिके होते, की आहेत की नुसते वाटताहेत, कळू नये. मालिनीबाईंचे डोळे अर्धवट मिटले.

"हे असते तर म्हणाले असते, इथे आधी एक कूलर बसवा," त्या म्हणाल्या. मग मनोहरराव कूलरच्या वाळ्यावर पाणी मारायचे ते निघालं. वाळ्याचा तो थंड वास थेट गाडीत आला. मग साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, दिवशी ते एका पायात काळा आणि एका पायात निळा मोजा घालून आले होते ते. मामांनी ते बघितलं, मामींनी बघितलं, आणि मान खाली घातली होती म्हणून सगळ्यांत आधी खुद्द मालिनीबाईंनीच बघितलं. मालिनीबाई खुदकन हसल्या. हसता हसता डोळे वाहू लागले, ते त्यांनी वाहू दिले. अवधूत समोर बघत गाडी चालवत होता. मध्येच म्हणायचा, "मग?" आणि त्या पुढे सांगायच्या. रस्ता सरळ होता, रिकामा होता, आणि तो संपूच नये असं वाटत होतं.

पण पंप आला. मालिनीबाई एकदम जाग्या झाल्यासारख्या सावरून बसल्या.

"अवधूत, मी शिवांगीकडे जाते," त्या म्हणाल्या. "शॉमबर्गला. तुझ्या बहिणीच्या घरी नळ आहे, मोऱ्या आहेत. माझं तिकीट काढ."

अवधूतनं गाडी बंद केली. मग "आलोच, मोरीचं टोकन घेऊन येतो," एवढंच म्हणून तो दुकानात गेला.

मालिनीबाई खाली उतरल्या. निदान शेवटच्या दिवशी तरी आपलं पाणी आपण ओतावं. त्यांनी ओढणी कमरेला खोचली, पिकअपची मागची फळी पाडली, निळ्या टाकीचा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि देवाचं नाव घेऊन जीव खाऊन ओढला.

टाकी सरळ अंगावर आली. त्या दोन पावलं मागे गेल्या. त्यांनी ती हलवून बघितली. झाकण उघडून बघितलं. आत ओल म्हणून नव्हती.

अवधूत टोकन घेऊन परत आला आणि होता तिथेच थांबला.

"ही तर रिकामी आहे रे!"

"हो."

"आणि मागच्या वेळी?"

"मागच्या वेळी पण. ट्रेलरची टाकी अजून निम्मीसुद्धा भरली नाहीये आई."

"मग हे ऐंशी मैल कशाला हाकतोस?"

अवधूत टोकन या बोटातून त्या बोटात फिरवत राहिला. "बाबा गेल्यापासून तू घरात फक्त हो आणि नाही म्हणतेस. फोनवरपण तसंच. पहिल्या ट्रिपला गाडी हायवेला लागली आणि तू बोलायला लागलीस. सगळं बोललीस. मग मी..." त्यानं टोकन खिशात टाकलं. "इथे पोचलो की परत गप्प होतेस."

मालिनीबाईंनी टाकी उचलली आणि एका हातानं मागे ठेवून दिली. फळी लावली. पुढे येऊन आपल्या सीटवर बसल्या, ओढणीनं तोंड पुसलं, पट्टा लावला.

"बस लवकर," त्या म्हणाल्या, "आणि गाडी लांबच्या रस्त्यानं घे."