चिमट्यातली चिठ्ठी

बाळ झोपलं की मी कपडे वाळत घालते. प्रत्येक चिमट्यात अवघड इंग्रजी शब्दाची चिठ्ठी, मागे मराठी अर्थ. वाक्य जमलं, तरच कपडा दोरीवर. सासूबाईंना इंग्रजी येत नाही, पण परीक्षक त्याच. “अडखळलीस! पुन्हा म्हण!” आज शाळेतल्या नोकरीसाठी फोनवर मुलाखत होती आणि बाळ नेमकं उठलं. सासूबाईंनी त्याला खांद्यावर टाकून गॅलरी गाठली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, “‘इन्डिस्पेन्सेबल’ वापरून वाक्य सांगा.” पाठ केलेलं सगळं पळालं. समोर गॅलरीत सासूबाई श्वास रोखून बाळाला थोपटत होत्या. मी बोलले, न अडखळता. “छान! सोमवारी रुजू व्हा!” मी टुणकन उडीच मारली! “‘मदर-इन-लॉ’ कळलं मला,” सासूबाई म्हणाल्या. “काय चुगली केलीस?” मी ‘इन्डिस्पेन्सेबल’ची चिठ्ठी उलटून दाखवली: ‘ज्याच्यावाचून पान हलत नाही.’ “अडखळलीस,” त्या हळूच म्हणाल्या. “पुन्हा म्हण.”