शेरभर कोंडा

रक्त तपासायचं म्हटल्याबरोबर दोघी बाया एकाच दमात "न्हाई" म्हणाल्या, तसे गुरुलिंग स्वामी सावध झाले.

रेणुकानं मान खाली घातली. नीलाबाईनं मात्र पदर खोचला. "रक्त-बिक्त कशाला? लेकरू हाय का बाजारातलं बकरू?"

"एकीनं नको म्हणलं असतं तर समजलो असतो, अक्का," स्वामी म्हणाले. "दोघीही कशा भिऊन राहिलात?"

अहमदपूरच्या मठात गादीसमोर सतरंजी अंथरली होती. नायगावच्या रेणुकानं वकील गाठला होता. नीलाबाईच्या घरात वाढणारी तीन वर्षांची पोर माझ्या पोटची, ती मला परत पाहिजे, हा तिचा दावा. कोर्टाची पायरी चढण्याआधी एकदा मठात बसू, एवढ्यावर दोन्ही बाजू कबूल झाल्या होत्या. नीलाबाईच्या एका अंगाला लेक मल्लिनाथ बसला होता, दुसऱ्या अंगाला सून दामिनी. पोर दामिनीच्या मांडीवर झोपलेली.

नीलाबाईचा रेणुकावर विश्वास नव्हता. त्याहून कमी दामिनीवर होता. सकाळपासून सून घडीघडी बोलायला बघत होती. म्हणून नीलाबाईनं पदराखालून तिचं मनगट धरून ठेवलं होतं, ओढाळ गुराचं दावं धरावं तसं.

"नाव काय पोरीचं?"

"धोंडी."

"एवढ्या गोऱ्यागोमट्या लेकराला धोंडी?"

"नावावरबी मठाची पट्टी भरावी लागते का, स्वामी?"

मागं बसलेली माणसं हसली. स्वामी हसले नाहीत.

"दामिनीच्या मांडीवर लेकरू टिकत न्हाई, हे गावाला ठाऊक हाय. तुम्ही सुनेला घेऊन विष्णुपुरीला भावाकडं गेलात. सणावारालासुद्धा फिरकला न्हाईत. आलात ते एकदम टोपलीत लेकरू घेऊन. कुठून आणलं?"

"इकत आणलं," नीलाबाई ठसक्यात म्हणाली. "शेरभर कोंडा मोजला. चार बायांदेखत. इचारा तिलाच, घेतला का न्हाई पदरात?"

"घेतला," रेणुका पुटपुटली.

"कोंडा देऊन लेकरू आपलं होत न्हाई, अक्का. लेकरू इकत घेणं गुन्हा हाय. उद्या पोलीस मल्लिनाथलाच आत बसवतील."

मल्लिनाथनं आईकडं पाहिलं. आईनं त्याच्याकडं पाहिलं नाही. हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. तीन वर्षं तो कोंडा तिला सातबाऱ्याहून पक्का वाटत आला होता.

रेणुकाला धीर आला. "दवाखान्यात आई म्हणून माझंच नाव लिवलंय, स्वामी. पयल्यांदा कुशीत मीच घेतली. मालक गेले, सासरच्यांनी हाकललं. आता माझं म्हणावं असं हेच एक हाय."

"कुशीत घेतलीस, खरं हाय," नीलाबाई म्हणाली आणि सरकत सरकत तिच्या पुढ्यात जाऊन बसली. बाजारात म्हशीचे दात बघावेत तशी तिचं तोंड न्याहाळू लागली. ही बया कुठवर टिकते, ते तिला बघायचं होतं.

"दिस होता का रात?"

"झुंझुरकं व्हतं."

"कळा कुठं सुरू झाल्या?"

"रिक्षातच. कालव्याच्या पुलावर."

"जज म्हणला, पुन्यांदा सांग, तर?"

"पुन्यांदा सांगीन."

"धा माणसांत? ह्या गादीला हात लावून?"

रेणुकाचा चेहरा उतरला. मग पुढं वाकून तिनं गादीवर हात टेकला. "माझ्या पोटची हाय."

दामिनी झटक्यात पुढं आली. "आत्याबाई, मी बोलते. मला बोलू द्या..."

"त्वांड उघडलंस तर माझा उंबरा तुला बंद!" नीलाबाई कडाडली.

स्वामींनी हात वर केला. "अक्का, तुमची जीभ फटकळ, पण खोटेपणा कधी ऐकला न्हाई. तुम्ही म्हणाल ते मी मानतो, वकीलबी मानंल. गादीला साक्ष ठेवून एकच सांगा. ही कुणाच्या पोटची?"

नीलाबाईनं झोपलेल्या पोरीकडं पाहिलं. मागच्याच महिन्यात ही तापानं फणफणून लातूरच्या दवाखान्यात निपचित पडली होती. तेव्हा दामिनी एक वाक्य बोलायला गेली होती आणि नीलाबाईनं तळहातानं तिचं तोंड दाबून धरलं होतं.

"रेणुकाची," नीलाबाई म्हणाली. "देऊन टाका तिला."

"आई!" मल्लिनाथ ताडकन उठला.

रेणुका नुसती बघतच राहिली, जिंकेन असं तिलाही वाटलं नसावं. स्वामींनी नीलाबाईपुढं हात जोडले. "घर रिकामं होत असताना खरं बोललात, अक्का. असं माणूस आजकाल मिळत न्हाई."

नीलाबाईनंच पोर उचलली. झोपेतच तिचं डोकं रेणुकाच्या खांद्यावर ठेवलं. "दही देऊ नको, खोकला होतो," एवढंच म्हणाली. रेणुका पाठमोरी झाली आणि जवळजवळ पळतच एसटी स्टँडच्या वाटेला लागली.

मठाच्या पायरीवर दामिनी मटकन खाली बसली. "मला गप केलंत, आत्याबाई. तुमचं काळीज कसं झालं?"

नीलाबाईनं आधी रस्ता पाहिला, मग मागं वळून दार पाहिलं. जवळपास कुणी नाही अशी खात्री झाल्यावर ती सुनेच्या कानाशी वाकली.

"तुझी पयली दोन आपली आपली म्हणून मिरवली, अन् दोन्ही मीच मातीत ठेवून आले. म्हणून हिच्या बारीला दवाखान्यात रेणुकाचं नाव लिवायला लावलं, कोंडा मोजला. ही तिसरीबी तुझ्याच पोटची हाय, हे लेकरं नेणाऱ्या सटवाईला अजून कळलं न्हाई, पोरी. न्हाईच कळू दे."