घाटासाठी टायर

"हा रिमोल्डचा टायर घ्या दादा, जुन्यावर नवं रबर चढवलेला. नक्षी बघा, कोरी करकरीत!" दुकानदारानं हवा भरलेला टायर थापटून उभा केला. उद्या मंगळवारी दुकानापुढं उभ्या केलेल्या पिकअपमधून गल्लीतल्या बायका घाट चढून देवीला जाणार होत्या. गिरिजाबाईंच्या यजमानांनी नक्षीवर अंगठा फिरवून मान डोलावली.

गिरिजाबाईंना मात्र टायरच्या कडेला आलेला सुपारीएवढा फुगा दिसला. पण बोलायची सोय नव्हती. लग्नापासून दर सोमवारी त्या दिवेलागणीपर्यंत मौन पाळत. त्यांनी पुढं होऊन फुग्यावर बोट दाबून धरलं.

"झालं! वहिनींचा हात लागला. आता घाटात देवीच गाडी हाकणार," दुकानदार हसला. यजमानांनी टायरला भक्तिभावानं नमस्कार केला.

टायर पिकअपला लावायला घेतला, तेव्हा गिरिजाबाईंना राहवेना. "अहो, हा नको. फुगा आलाय त्याला. घाटात फुटेल!"

यजमानांचा चेहरा पांढराफटक पडला. टायरकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. "इतक्या वर्षांचं मौन मोडलंस? आणि तेही असलं अभद्र बोलायला?"

"आधी फुगा तरी बघा हो!"

"गप बस. मोडलेलं व्रत घेऊन देवीच्या वाटेला लागायचं नाही. उद्या तू घरीच थांब. तुझ्या जागी सूनबाई बसेल, बाळाला घेऊन."

दुकानदारानं नट आवळले. फुगा आतल्या अंगाला गेला. यजमानांनी पिकअपच्या तोंडाला लिंबू-मिरची बांधली आणि दोनदा ओढून पाहिली. गाठ पक्की होती.