शिंकेसकट
संध्याकाळपर्यंत गाणं रेकॉर्ड करून पाठवायचं होतं. गिटारची वायर थेट कॉम्प्युटरला जोडून पाहिली, पण आवाजात जीवच नव्हता. मग गिटार स्पीकरला जोडली, बाहेरचा गोंगाट येऊ नये म्हणून तो कपाटात रजयांमध्ये ठेवून पुढे माइक लावला, तर माइकचा स्टँडच मोडला. “ही टणटण कधी थांबणार?” असं वर्षभर विचारणारे माझे शिंपी बाबा सर्दीने बेजार असूनही उठले आणि माइक हातात धरून कपाटापुढे उकिडवे बसले. “हात हलला तरी खरखर येईल,” मी बजावलं. “पस्तीस वर्षं सुईत दोरा ओवलाय मी. वाजव तू.” शेवटच्या सुराला त्यांचं नाक थरथरलं, डोळे पाणावले, पण हात तसूभरही हलला नाही. तार शांत झाली आणि मगच खिडक्या हादरवणारी शिंक आली. “घालवलं का गं सगळं?” मी रेकॉर्डिंग लावून त्यांना ऐकवलं. गिटार गरजत होती. शिंकेसकट गाणं पाठवलं. “परत लाव ना ती टणटण,” बाबा म्हणाले.