पिंपळावरचा पहिला घाव

ईश्वरचं पत्र येऊन पंधरा दिवस झाले होते आणि गोपीचंद गुरुजींनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. रोज सकाळी ते अंतर्देशीय पत्र काढत, वाचत आणि पुन्हा त्याच घड्यांवर मिटवून पुस्तकांच्या कपाटात ठेवत. कपाटाखालची फरशी मुळांनी उचलली होती. दार लावलं तरी आपोआप उघडायचं.

शेजारच्या पंचफुलाबाईंचा हा मुलगा भिलाईला कारखान्यात होता. त्यानं लिहिलं होतं, ‘गुरुजी, आमच्या पिंपळाची मुळं तुमच्या घराच्या पायात शिरली, हे खरं आहे. होळीला मी येतो. दोन्ही घरांच्या मधे छातीइतका खोल चर खोदतो, तुमच्याकडची मुळं तोडतो आणि चरात दगडी फरश्या उभ्या करून तो बुजवतो. मग मुळं तिकडे वळणार नाहीत. पण झाड राहू द्या. हे आईला वाचून दाखवा.’

अक्षर वळणदार होतं. ते गुरुजींनीच त्याला शिकवलं होतं.

लाखांदूरमधलं हे घर गुरुजींनी निवृत्तीच्या पैशांत, परमिटचं सिमेंट मिळवून बांधलं होतं. भेग वाढते का ते कळावं म्हणून भिंतीच्या भेगेवर त्यांनी खळीनं कागदाची पट्टी चिकटवली होती, वर तारीख घातली होती, ९ फेब्रुवारी १९८१. होळीला आठ दिवस राहिले असताना ती पट्टी मधोमध फाटलेली दिसली. गुरुजींनी पत्र खिशात घातलं आणि लाकडं तोडणाऱ्या बाबूलालला बोलावणं पाठवलं.

बाबूलाल कुंपणाशीच थांबला.

“पिंपळ आहे जी, गुरुजी. पहिला घाव मालकानं घालाव लागते. मंग पाप त्याच्याकडं जाते. आपण त पोटासाठी तोडून राहिलो.”

“झाड पंचफुलाबाईंचं आहे. त्याच घालतील.”

“ते बाई कायले घालन? उन्हाळाभर डोक्यावर गुंडगुंड पाणी आणून टाकते ते त्याले!”

गुरुजी पुढे झाले.

पंचफुलाबाई झाडाखाली गळलेली पानं झाडत होत्या. गुरुजींना पाहून त्यांनी खराटा टाकला.

“ईश्वराचं पत्र आलं का जी? बसा न मंग. मास्तरकी सुटली तरी तुम्ही उभेच राहता. काय म्हणते माहा पोरगा? तिकडंच पोरगी पाहिली म्हणते का?”

गुरुजींनी पत्र उघडलं. डोळे कागदावरून हलवले नाहीत.

“आई, पिंपळ काढून टाक. त्याच्या मुळांनी गुरुजींचं घर पडेल. मला होळीला सुट्टी नाही. माझी वाट पाहू नको.”

बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळ्यांतलं गेलं.

“पुन्हा वाचा.”

त्यांनी पुन्हा वाचलं.

“मघा काढून टाक म्हणाले. आता तोडून टाक म्हणता.”

“एकच आहे ते.”

“द्या इकडं.”

बाईंनी पत्र घेतलं. एकेका ओळीवरून अंगठा फिरवला. “वळण त त्याचंच आहे,” त्या म्हणाल्या आणि पत्र परत केलं.

मग झाडाकडं पाहत म्हणाल्या, “त्याच्या बानं नागपूरवरून आणला होता जी, दीक्षेच्या साली. ओल्या धोतरात गुंडाळून, मांडीवर धरून. ईश्वर तवा पोटात होता. मालूम आहे त्याले हे सारं.”

गुरुजींना वाटलं, आता सांगून टाकावं. त्यांना भेग आठवली.

“त्यालेच नाही पाहिजे, त मी कोनासाठी ठेवू?”

बाई कुंपणाशी गेल्या आणि त्यांनी बाबूलालच्या हातातून कुऱ्हाड घेतली. झाडापुढं तीनदा हात जोडले. पहिल्यांदा कुऱ्हाड सालीवरून घसरली. दुसऱ्यांदा रुतली. त्यांना ती उपटून काढता येईना.

“झाला का घाव?”

बाबूलालनं वाकून पाहिलं. “चीक आला, बाई. झाला.”

संध्याकाळपर्यंत झाड आडवं झालं होतं. बाईंच्या दारात कधी नव्हे ते सरळ ऊन पडलं होतं आणि बाई त्या उन्हाकडं पाठ करून बसल्या होत्या. गुरुजी नवं अंतर्देशीय पत्र आणि पेन घेऊन आले.

“उत्तर लिहायचं ना?”

“लिवा. झाड तोडलं. पहिला घाव म्याच घातला. हात नाही थरथरला माहा. आता होळीले नोको येऊ. दिवाळीले बी नोको येऊ. तुह्यासाठी इथं काही राहिलं नाही.”

“आशीर्वाद लिहू?”

“तुम्ही लिवलं म्हणजे मी देल्ला का? राहू द्या. खाली माहं नाव लिवा.”

गुरुजींनी लिहिलं. या वेळी त्यांनी एक शब्दही बदलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, टपाल निघायच्या आधी, ते डाकघरापाशी गेले आणि त्यांनी पत्र पेटीत सोडलं. आत पडल्याचा आवाज ऐकू आला नाही, म्हणून त्यांनी फटीत बोटं घालून चाचपून पाहिलं. बोटांना काही लागलं नाही.