पत्ता सांगता येत नाही

“तिचा पत्ता मिळणार नाही,” मनालीने खिडकीतून सांगितलं.

“मी नवरा हाय तिचा, मॅडम. भिसेगावचा सखा.” माणूस मवाळ होता. हातात औषधांची पिशवी. “जयाची गोळी चुकली की पाय सुजतो. एवढी पोचवायची हाय.”

“अनुदान घेणाऱ्यांची माहिती आम्ही देत नाही. ती घेते की नाही, तेही सांगणार नाही.”

“बरं,” म्हणून तो चप्पल ओढत निघून गेला. वाद नाही, आरडाओरडा नाही.

मनालीला त्याची दया आली नाही. रागही आला नाही. नऊ वर्षं निराधार योजनेच्या टेबलावर बसून तिचं मन पार बधिर झालं होतं. नियम मात्र तिने सोडले नव्हते. खिडकीत नाव पुकारायचं नाही, टोकन नंबर पुकारायचा. भिंतीवरची लाभार्थ्यांची यादी तिने स्वतः काढून टाकली होती. साहेब चार दिवस फुगून बसले. कोण टाकलेली, कोण लुळी, हे गावाने चहा पीत वाचायचं कशाला?

तिने जयाची फाइल काढली. पोलिओच्या पायाची बाई. दोनदा घरातून पळाली, दोनदा नवऱ्याने केसाला धरून परत नेली. गेल्या वर्षी नवा पत्ता लिहून देताना म्हणाली होती, “आता सापडले तर जित्ती नाय ठेवायचा तो.”

अर्ज सासरी असताना भरलेला होता. वर नव्या पत्त्याचा कागद टाचलेला. मनालीने खिडकी लावून घेतली आणि अर्जावरचा नंबर फिरवला.

फोन उचलला गेला. कोणी बोललं नाही. मनालीनेही नाव विचारलं नाही. फोनवर नाव घ्यायचं नाही, हाही तिचाच नियम.

“कचेरीतून बोलतेय. जवळ कोणी असेल तर काही बोलू नका, नुसतं ऐका. तुमचा नवरा आत्ता इथे आला होता. मी काही सांगितलं नाही. तुम्ही लोधिवलीत राहता हे त्याला ठाऊक नाही. तरी चार दिवस घराबाहेर पडू नका.”

बाई नीट ऐकतेय, याचं मनालीला बरं वाटलं. कित्येक महिन्यांनी तिला काहीतरी वाटलं होतं.

मग तोच मवाळ आवाज आला, “लोधिवलीत कुठं, मॅडम?”