डेकवरची जागा

चाळीस वर्षं मी पोरांना बोटीच्या डेकवर चटई टाकून बेटं दाखवली. आणि परवा थोरला रुस्दी म्हणतो, “अम्मा, तुझे गुडघे बघ. या खेपेला घरीच आराम कर.” सूनबाईची माया तर विचारू नका, माझी चटईसुद्धा घेऊन गेली.

आमच्या मकास्सरच्या धक्क्यावर म्हातारं माणूस आणि त्याच्या घरचे आधी चढतात, बाकीचे मागून जागेसाठी धावतात. आज सहलीला निघताना तिथली लांब रांग बघून रुस्दीचा फोन आला. “अम्मा, रिक्षा करून ये. तुझ्याशिवाय सहल कसली?”



“मान वर कर, बाळा,” मी डेकवरून म्हटलं. “तिकीट माझं मी काढलं, आणि माझ्या शेजारच्या या कुटुंबात म्हातारी नव्हती, त्यांनी मला सकाळीच आजी करून घेतलं.”